लडाखची सहल जरा उलटी फिरवा: सहल कंपन्यांना खुले पत्र

दादर, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, आणि जिथून जिथून ‘लेह-लडाख’च्या जाहिराती निघतात तिथल्या सर्व सहल कंपन्यांच्या चालक-मालकांना,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तुमच्या जाहिराती शेजारी शेजारी छापून येतात. वरचं नाव बोटाने झाकलं तर कुठली सहल कुणाची हे सांगता येणार नाही, इतक्या त्या सारख्या असतात. सहा रात्री, सात दिवस. पहिल्या दिवशी लेहला उतरून आराम. दुसऱ्या दिवशी शांती स्तूप, हॉल ऑफ फेम, पत्थर साहिब गुरुद्वारा, मॅग्नेटिक हिल आणि सिंधू-झंस्कारचा संगम. तिसऱ्या दिवशी खारदुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा, तिथे दोन वशिंडांच्या उंटावरची फेरी. मग श्योक नदीच्या काठाने पँगाँग, तिथे तंबूत एक रात्र. चांग ला वरून परत लेह, वेळ उरलाच तर वाटेत ठिकसे गोंपा, म्हणजे तिथला बौद्ध मठ, संध्याकाळी बाजार. सातव्या दिवशी पहाटे विमानतळ.

या यादीत एक गाव नाही. संगमावर फोटो काढून तुमच्या गाड्या जिथून लेहकडे परत वळतात, तिथून पुढे जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर गेलं की सिंधूवरचा पूल ओलांडून डाव्या काठावर आलची लागतं. हिमालयातल्या बौद्ध चित्रकलेचा एवढा जुना आणि एवढा शाबूत राहिलेला ठेवा फार थोड्या ठिकाणी उरला आहे. तुमचे प्रवासी त्याच्या अर्ध्या तासावर येतात, उतारावर गाडी आपोआप वर चढते का ते बघतात, आणि परत जातात. (चढत नाही. मॅग्नेटिक हिल हा नजरेचा खेळ आहे. आजूबाजूच्या डोंगरउतारांमुळे उतार चढासारखा भासतो. चुंबक वगैरे तिथे काही नाही.)

मागणी अशी आहे: सहल उलटी फिरवा. लेहला उतरल्यावर आधी सिंधूच्या खालच्या अंगाला जा. आलचीत दोन रात्री काढा, तिथून लामायुरू आणि बाजगो बघा, मग लेह, मग नुब्रा. पँगाँग सगळ्यात शेवटी, आणि दिवस पुरत नसतील तर पँगाँग नकोच. मला भित्तिचित्रांचं वेड आहे म्हणून मी हे सांगतेय असं वाटेल. तेही खरं आहे. पण तुमच्या प्रवाशांची फुप्फुसंही हाच क्रम मागतात, आणि ते सांगण्यासाठी हे पत्र आहे.

तुमचं श्रेय मला नाकारायचं नाही. लग्नानंतर सासर-माहेर सोडून तिसरं गाव न बघितलेल्या बायकांना तुम्ही सतरा हजार फुटांवर नेऊन उभं केलंत. लागतील ते परवाने, गाडीतला ऑक्सिजनचा सिलिंडर, दरड कोसळली की ऐनवेळी बदललेलं हॉटेल, रात्री नऊ वाजता समोर आलेला गरम वरण-भात, हे सगळं तुमची माणसं बिनबोभाट करतात. एकट्याने जाऊन हे जमवताना किती दमछाक होते ते मला माहीत आहे. म्हणूनच तर तुम्हाला लिहायचं. ज्यांच्या शब्दावर हजारो मराठी माणसं आपला दिवसाचा बेत ठरवतात, ते तुम्ही आहात.

लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. एका कळसूबाईवर दुसरी ठेवली तरी लेह वरच राहतं. मुंबईच्या समुद्रकाठचा माणूस काही तासांत विमानाने तिथे उतरतो, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. शरीराला याची सवय व्हायला दिवस लागतात. इच्छाशक्तीने, प्राणायामाने किंवा ‘आम्ही रोज पर्वती चढतो’ने ते दिवस वाचत नाहीत. उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर एक साधा नियम सांगतात: ३,००० मीटरच्या वर गेलात की रात्री झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. दिवसा खिंडीत जाऊन परत खाली आलात तर एक वेळ चालतं. झोपायचं कुठे, हा खरा प्रश्न.

आता तुमचा कार्यक्रम या नियमाशेजारी ठेवून बघा. नुब्रातलं हुंदर साधारण ३,१०० मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षा खाली. तिथली झोप उत्तम लागते, आणि प्रवाशांना वाटतं आपण जिंकलो. दुसऱ्याच रात्री तुम्ही त्यांना पँगाँगकाठी ४,२२५ मीटरवर झोपवता. एका रात्रीत अकराशे मीटरची उडी! तंबूत रात्रभर कुणाचं डोकं ठणकतं, कुणाला उलट्या होतात, कुणी उठून बसतं कारण आडवं झालं की धाप लागते. सकाळी तीच माणसं निळ्या पाण्यासमोर पिवळ्या स्कूटरवर बसून हसरा फोटो काढतात, कारण एका हिंदी सिनेमात तसं होतं. पँगाँग सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. फक्त ते अशा अवस्थेत बघायचं का?

आणि ही झोपायची उंची तुमच्या पत्रकात कुठेच छापलेली नसते. खारदुंग लाची उंची मात्र हमखास असते, तीही चुकीची. १८,३८० फूट हा तिथल्या जुन्या पाटीवरचा आकडा आहे. नीट मोजणी झाली तेव्हा ती खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट भरली. ‘जगातला सर्वांत उंच मोटारमार्ग’ हे बिरुदही आता खुद्द लडाखमध्येच दुसरीकडे गेलंय. उमलिंग लासारख्या खिंडी १९,००० फुटांच्या वर आहेत. पाटीखाली उभं राहून फोटो काढायला माझी हरकत नाही. पण जो आकडा प्रवाशाच्या उपयोगाचा आहे तो गाळायचा आणि जो मिरवण्याचा आहे तो चुकीचा छापायचा, हा उलटा व्यवहार झाला.

कापराबद्दलही बोलून घेते. निघण्याआधी तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भीमसेनी कापराची पुरचुंडी जवळ ठेवण्याचा निरोप फिरतो. कापूर हुंगून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. धोका असा, की माणूस पुरचुंडीवर भरवसा ठेवून लक्षणं अंगावर काढतो. उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे आपापल्या डॉक्टरांनी ठरवायचं. विशेषतः सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि त्रास वाढलाच तर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं.

खाली उतरायचंच आहे तर पहिल्याच दिवशी का उतरू नये? आलची साधारण ३,१०० मीटरवर आहे. लेहपासून सत्तरेक किलोमीटर, रस्ता चांगला. लेहला येणारी विमानं बहुधा सकाळीच पोचतात. दुपारपर्यंत विसावा घेऊन गाडीत बसवलं तर उजेडातच आलचीला पोचता येतं, आणि प्रवाशांची पहिली रात्र लेहपेक्षा चारशे मीटर खाली जाते. हा सगळा पट्टा, ज्याला तिथले लोक शाम म्हणतात, लडाखच्या मानाने उबदार आहे. जर्दाळूची झाडं, पॉपलरच्या रांगा, सातूची शेतं. दोन रात्री इथे काढलेला माणूस नंतर लेहला चढतो तेव्हा तो निम्मा लडाखी झालेला असतो.

आणि दिवसभर करायचं काय, हा तुमचा नेहमीचा प्रश्न असेल तर आलचीत तो पडणारच नाही.

आलचीचा चोस्खोर, म्हणजे मंदिरांचा समूह, लडाखच्या इतर गोंपांसारखा डोंगराच्या टोकावर नाही. तो गावात, नदीकाठी, सपाट जमिनीवर आहे. ज्यांचे गुडघे ठिकसेच्या पायऱ्यांवर रडतात त्यांच्यासाठी ही गोष्ट छोटी नाही. आज तिथे भिक्षूंचा मोठा मठ नाही; लिकीर गोंपाचे लामा देखभाल करतात. लोकपरंपरा या मंदिरांचं श्रेय रिनचेन झांगपो (९५८–१०५५) या महान भाषांतरकाराला देते, जो पश्चिम तिबेटातून काश्मीरला शिकायला गेला, संस्कृत ग्रंथ तिबेटीत आणले आणि सोबत काश्मिरी कारागीरही आणले असं म्हणतात. आलचीची मंदिरं त्याच्या नंतरची दिसतात. सुमत्सेक या तीन मजली मंदिराच्या वरच्या मजल्यावर गुरुपरंपरा रंगवलेली आहे, आणि ती द्रिकुंग पंथाच्या जिग्तेन गोनपोपर्यंत (११४३–१२१७) येते. त्यावरून अनेक अभ्यासक सुमत्सेकचा काळ तेराव्या शतकाच्या सुरुवातीला नेतात. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव होते तेव्हाची गोष्ट.

सुमत्सेकचा दरवाजा इतका बुटका की वाकूनच आत जावं लागतं. आत अंधार. डोळे सरावले की तीन भिंतींतल्या तीन कोनाड्यांत तीन बोधिसत्त्व दिसायला लागतात, मातीचे, दोन पुरुष उंचीहून मोठे, उभे. डावीकडे पांढरा अवलोकितेश्वर, समोर तांबूस मैत्रेय, उजवीकडे मंजुश्री. त्यांची डोकी दिसत नाहीत, कारण ती वरच्या मजल्यात गेलेली आहेत. चेहरा बघायला कोनाड्याजवळ जाऊन मान पूर्ण वर करावी लागते. पण खरा खजिना खाली आहे, त्यांच्या धोतरांवर. अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळं, राजवाडे, घोडेस्वार, पूजा करणारी माणसं रंगवली आहेत. त्या काळच्या काश्मीरचं हे चित्र असावं असं मानतात. मैत्रेयाच्या धोतरावर वर्तुळा-वर्तुळांत बुद्धाचं चरित्र. मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध, प्रत्येक आपापल्या तऱ्हेत. अवलोकितेश्वराच्या बाजूला भिंतीवर एक हिरवी देवी आहे. कुणी तिला तारा म्हणतात, कुणी प्रज्ञापारमिता. तिच्या बोटांची नजाकत आणि वस्त्राची नक्षी बघताना चित्रकाराचा कुंचला किती बारीक असेल याचा अंदाज येतो. छतावरच्या फळ्यांवर कापडाचे नमुने रंगवले आहेत, जणू वर चांदवे ताणलेत. ज्या काश्मिरी कलेतून हे सगळं आलं ती काश्मीरमध्ये आता जवळजवळ उरलेली नाही. जी आहे ती इथे, सिंधूकाठच्या एका खेड्यात.

आत फोटो काढायला मनाई आहे. मला वाटतं, तुमच्या कार्यक्रमात आलची नसण्याचं हेही एक कारण असावं. जिथे फोटो निघत नाही तिथे प्रवासी नाराज होईल, अशी तुमची धास्ती. माझा अनुभव उलटा आहे. मोबाइल खिशात गेला की लोक बघायला लागतात.

आता घरचा संबंध. अजिंठ्याचं नाव सगळेच घेतात, म्हणून मी वेरूळचं घेते. वेरूळचं बारा नंबरचं लेणं, तीन ताल, आठव्या शतकाच्या आसपासचं. कैलास लेणं बघून दमलेले तुमचे प्रवासी तिकडे क्वचितच फिरकतात. तिथल्या भिंतींवर नऊ घरांचे चौकोन कोरलेले आहेत: मधल्या घरात बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व. मंडलाची, म्हणजे देवतांच्या आखीव मांडणीची, ही दगडातली सुरुवातीची रूपं. तिथून आलचीच्या दुखांगमध्ये या, म्हणजे तिथल्या सभामंदिरात. भिंतींवर वैरोचन बुद्धाच्या भोवती वज्रधातूची प्रचंड मंडलं रंगवलेली आहेत, शेकडो आकृत्यांची. वेरूळला जी कल्पना नऊ घरांत मावत होती तिचा विस्तार चारेक शतकांनंतर हिमालयात असा झाला. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला हे दाखवलंत तर त्याला लडाख परकं वाटणार नाही, आणि पुढच्या वेळी तो वेरूळला बारा नंबरच्या लेण्यातही जाईल.

किंवा बोरिवलीकरांना घ्या. कान्हेरीच्या ४१ नंबरच्या लेण्यात अकरा शिरांचा अवलोकितेश्वर आहे. राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरायला जाणाऱ्या किती जणांनी तो पाहिलाय? लडाखमध्ये मात्र तोच अकरा शिरांचा, हजार हातांचा होऊन गोंपागोंपांत भेटतो. तिथे त्याला चेनरेझिग म्हणतात. हे सांगायला कुणी नसलं की प्रवासी विचारतात, “इतकी डोकी कशाला?” आणि टूर मॅनेजर म्हणतो, “रावणासारखं काहीतरी असेल.” गोनखांगमधला, म्हणजे रक्षक देवतांच्या खोलीतला महाकाल दाखवून “हे त्यांचे शंकर” असं सांगितलेलंही मी ऐकलं आहे. सांगणारा मुलगा मनाने चांगला होता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

यातली एक गोष्ट मला जास्त खुपते. तुमच्या गाडीत अशी कुटुंबं असतात ज्यांच्या घरी रोज त्रिशरण म्हटलं जातं. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी जो धम्म दिला त्यात ती वाढलेली आहेत. लडाखला ती डोंगर बघायला येतात तशी बुद्धाच्या ओढीनेही येतात. इथे आल्यावर त्यांना दिसतात उग्र देवता, कवट्यांच्या माळा, लोण्याचे दिवे, फिरती मणीचक्रं, पुनर्जन्म घेतलेले गुरू, म्हणजे रिनपोचे. काही जण गोंधळतात, काही नाराज होतात, काही गप्प बसतात. वज्रयान काय आहे, ते नालंदा-विक्रमशिलेच्या परंपरेतून तिबेटात कसं गेलं, ही उग्र रूपं ध्यानाच्या साधनेत कशासाठी येतात, हे दहा मिनिटांत समजावणारं माणूस सोबत असायला हवं. पटणं न पटणं ज्याचं त्याचं. पण समजावून न सांगणं ही तुमची जबाबदारी टाळणं आहे. लेहमध्ये उत्तम लडाखी मार्गदर्शक आहेत, हिंदी सफाईने बोलतात. गाडीमागे एक लडाखी मार्गदर्शक द्या. तुमचा मॅनेजर मराठीत भर घालील. ड्रायव्हरला मार्गदर्शक समजू नका, त्याला रस्त्याकडे बघू द्या.

लामायुरूबद्दल थोडक्यात. आलचीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. गोंपाखालची ती पिवळसर मातीची वळ्यावळ्यांची भूमी, जिला सगळे ‘मूनलँड’ म्हणतात, ती एका आटलेल्या प्राचीन सरोवराच्या तळाची माती आहे. गोंपात नारोपा या सिद्धाची गुहाही दाखवतात. तुमचे फोटो मूनलँडवर संपतात, निदान पायऱ्या चढून आत तरी न्या. बाजगोला मात्र वेळ द्या. उघड्या डोंगरावर मातीच्या विटांचा ढासळता किल्ला आणि त्यात मैत्रेयाची मंदिरं. ती पडायला आली तेव्हा गावकऱ्यांनी समिती करून, बाहेरच्या तज्ज्ञांना हाताशी धरून ती सावरली. २००७ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाला सर्वोच्च मान मिळाला. आपल्याकडच्या गड-किल्ल्यांसाठी राबणाऱ्या पोरांना हे आवर्जून दाखवावं असं ठिकाण आहे.

तुमच्यापैकी जे श्रीनगरहून रस्त्याने लेहला नेतात त्यांचा मार्ग तर मुळातच शहाणा आहे. श्रीनगर १,६०० मीटर, कारगिल २,७००, मग हळूहळू वर. वाटेत मुलबेकला रस्त्यालगतच्या कड्यात कोरलेला जवळजवळ नऊ मीटरचा मैत्रेय, मग फोटू ला, लामायुरू, आलची. सगळं आपोआप योग्य क्रमाने येतं. पण तुम्ही कारगिल ते लेह एका दिवसात उरकता, आणि दुपारी चारला आलचीच्या फाट्यावरून गाडी सुसाट जाते, कारण लेहच्या हॉटेलात जेवण सांगितलेलं असतं. तिथे एक मुक्काम वाढवा, बस.

गर्दीचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि तो प्रश्न रास्त आहे. पाऊणशे माणसं एकदम सुमत्सेकमध्ये घुसली तर मी हे पत्र लिहिल्याचा पश्चात्ताप करीन. मंदिर लहान आहे, पंधरा माणसांत भरतं. श्वासाची वाफ, भिंतीला टेकलेल्या पाठीवरच्या सॅक, ‘हे सोनं खरं आहे का’ म्हणून लावलेलं बोट, यांनी आठशे वर्षांचा रंग जातो. त्यात पावसाची भर. लडाखमध्ये वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतं, आणि तिथली धाबी त्याच हिशेबाने बांधलेली: पॉपलरचे वासे, वर विलोच्या काटक्या, वर मातीचा थर. बर्फ फावड्याने ढकलून द्यायचं. मुसळधार पाऊस या छपरांनी कधी गृहीतच धरला नव्हता. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेह परिसरात दोनशेहून अधिक माणसं गेली, आणि जुन्या मातीच्या इमारतींना पावसाचा धाक काय असतो तेही तेव्हापासून सगळ्यांना कळलं. पाणी मुरलं की माती सुटते आणि मातीबरोबर चित्र. म्हणून पंधरा-पंधराच्या तुकड्या करा. एक तुकडी आत असताना दुसरी जर्दाळूच्या झाडाखाली बसेल, तिसरी नदीवर जाईल. तुमच्या मॅनेजरला हे जमतं. विमानतळावर चाळीस जणांच्या बॅगा मोजणाऱ्याला हे काय अवघड?

राहण्याच्या बाबतीतही तेच. आलचीत आणि पलीकडच्या सासपोलला लहान हॉटेलं आहेत, घरगुती सोय आहे. शंभर खोल्या एके ठिकाणी नाहीत, आणि नाहीत ते बरंच आहे. लहान गट दोन-तीन घरांत विभागा. तिथे अजूनही अनेक घरांत कोरडा संडास आहे, पाणी न वापरता माती टाकायचा, ज्याचं खत शेतात जातं. तो वापरायला आपल्या लोकांना आधी नाक मुरडावंसं वाटेल. नीट सांगितलंत तर वापरतील. पाणी तिथे बर्फ वितळून ओढ्याने येतं. पहाटे पाचला गीझर सुरू नाही म्हणून आरडाओरडा करणाऱ्याला हे ठाऊक नसतं, आणि ते सांगणं तुमच्या ‘महत्त्वाच्या सूचना’ या पानावर, पॅनकार्ड आणि कानटोपीच्या ओळीखाली, सहज मावेल.

जेवणही जरा सैल सोडा. लडाखमध्ये आमरस-पुरी मिळते याचं कौतुक मला समजतं, पण रोज? आलचीत बायकांनी चालवलेलं लडाखी जेवणाचं एक स्वयंपाकघर आहे. तिथे स्क्यू खायला घाला. कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे भाजीच्या रश्श्यात शिजवलेले. कुठल्याही मराठी आजीने पहिल्या घासाला ‘अगं, ही तर वरणफळं’ म्हणावं असे. लोणी-मिठाचा गुरगुर चहा मात्र सगळ्यांना झेपेल असं नाही.

गोंपातल्या वागण्याबद्दल तुम्ही सूचना देता, पण गाडीतून उतरताना घाईत. ठिकसेला सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मी पाहिलेलं: बारा-तेरा वर्षांचे छोटे भिक्षू पोथी वाचताहेत आणि त्यांच्या तोंडासमोर हातभर अंतरावर मोबाइल. एका बाईंनी तर एकाची मान धरून त्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळवला. आपल्या घरी सत्यनारायण चालू असताना कुणी असं केलं तर? प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) उजव्या हाताला ठेवून, भिक्षूंच्या गाद्यांवर बसायचं नाही, मणी-दगड घरी आणायचे नाहीत. आणि हेही सांगा, की खिंडीतला जयघोष खिंडीत शोभतो, दुखांगमध्ये नाही. मी स्वतः खारदुंग लाला ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हटलं आहे, आणि पुन्हा म्हणेन. देवघरात आवाज खाली आणायचा, एवढंच.

“लोकांना पँगाँगच हवं असतं हो,” हे तुमचं शेवटचं उत्तर मला पाठ आहे. लोकांना पँगाँग हवं असतं कारण तुमच्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर पँगाँग असतं. ज्यांना सहा रात्रींतच यायचं आहे त्यांना नुब्राच पुरे: खारदुंग ला होते, वाळू होते, उंट होतात, दिस्कितचा ३२ मीटरचा मैत्रेय आणि त्याच्यामागचा जुना गोंपा होतो, आणि झोप ३,१०० मीटरवर लागते. ज्यांना पँगाँग सोडवत नाही त्यांच्याकडून दोन रात्रींचे पैसे जास्त घ्या आणि त्यांना शेवटी न्या, शरीर तयार झाल्यावर. त्यातही तळ्याकाठी झोपवणं टाळता आलं तर उत्तम.

येत्या हंगामाची पत्रकं तुम्ही हिवाळ्यातच छापायला देता. सगळ्या तारखा बदला असं मी म्हणत नाही. जूनची एक तुकडी अशी काढून बघा. पंधरा माणसं, पहिल्या दोन रात्री आलची, सोबत लडाखी मार्गदर्शक, आणि प्रत्येक मुक्कामासमोर झोपायची उंची मीटरमध्ये छापलेली. त्याआधी तुमच्या टूर मॅनेजरांना एक दिवस वेरूळला बारा नंबरच्या लेण्यात आणि एक सकाळ कान्हेरीला न्या, खर्च फार नाही. अशी तुकडी जाहीर केलीत तर पहिल्या आठवड्यात आगाऊ रक्कम भरणाऱ्यांत मी असेन, आणि आमच्या भिशीतल्या निम्म्या बायका तरी मी पटवीन. उरलेल्या निम्म्यांना स्कूटरवरचा फोटो हवाच आहे, त्यांना तुमच्या नेहमीच्या सहलीला पाठवते.

कळावे,
आपली,
एक जुनी प्रवासी ग्राहक